बिकॉजच्या पुढे काय? इंग्रजीत कारण सांगण्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आणि हेडफोन घरी विसरून नुसतं वाचत बसला असाल, तर हा आपल्या आजच्या एपिसोडचा लिहिलेला भाग. बोललो तसंच जवळपास ठेवलंय. इंग्रजी वाक्यंही कानावर पडतात तशीच, देवनागरीत लिहिली आहेत. ती मनातल्या मनात वाचू नका, जरा मोठ्याने म्हणा. बाजूचा बघेल. बघू दे.

आजचा विषय आहे इंग्रजीत कारण सांगणं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर अख्खा एपिसोड? बिकॉज म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण एकदा मोजून बघा, दिवसभरात आपण किती वेळा कारणं देतो ते. उशीर का झाला, सुट्टी कशासाठी हवी, सेमिस्टरला मार्क का घसरले, मध्ये एक वर्षाची गॅप का आहे, आधीची नोकरी का सोडली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा अर्धा दिवस कोड लिहिण्यात जातो आणि उरलेला अर्धा दिवस तो कोड असा का वागला हे लोकांना सांगण्यात. त्यातलं बरंचसं इंग्रजीत.

मी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलोय. तिथे एक गोष्ट नेहमी दिसते. 'तुम्ही काय केलं' याचं उत्तर मुलं छान देतात. 'असं का केलं' विचारलं की गाडी अडते. बिकॉज, बिकॉज, बिकॉज, आणि मग शांतता. विषय येत असतो, कारणही माहीत असतं, पण ते इंग्रजीत कुठल्या खुंटीला टांगायचं ते सापडत नाही. समोरच्याला वाटतं, याला समजलेलंच नाही.

खरं म्हणजे मराठीत कारण सांगायचं सामान भरपूर आहे. कारण, मुळे, म्हणून, त्यामुळे, साठी, का तर, कारण असं की. इंग्रजीतही भरपूर आहे. फक्त कुठल्या मराठी शब्दासमोर कुठला इंग्रजी शब्द ठेवायचा, तिथे घोळ होतो. तेव्हा आज मराठीचाच नकाशा हातात घेऊन इंग्रजीत फिरू.

कारण आणि मुळे

दोन वाक्यं ऐका. 'मला उशीर झाला, कारण बस बंद पडली.' आणि 'बसमुळे मला उशीर झाला.'

'कारण'च्या पुढे काय आलं? 'बस बंद पडली.' पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. 'मुळे' कशाला चिकटलं? 'बस'ला. नुसतं नाम.

इंग्रजीत हेच आहे. पुढे क्रियापदासकट पूर्ण वाक्य असेल तर बिकॉज. आय वॉज लेट बिकॉज द बस ब्रोक डाउन. पुढे नुसतं नाम असेल तर बिकॉज ऑफ. आय वॉज लेट बिकॉज ऑफ द बस. बिकॉज ऑफ, ड्यू टू, ओइंग टू, ऑन अकाउंट ऑफ, हे सगळे मुळेच्या घरातले. यांच्यापुढे नाम लागतं.

आता घोळ कुठे होतो ते बघा. मराठीत आपण 'बस बंद पडल्यामुळे' असंही म्हणतो. म्हणजे 'पडली' या क्रियापदाचं रूप बदलून त्यालाच 'मुळे' चिकटवतो. मराठीत हे अगदी बरोबर आहे. पण डोक्यात 'मुळे म्हणजे ड्यू टू' पक्कं बसलेलं असतं आणि तोंडातून येतं, ड्यू टू बस ब्रोक डाउन. सुट्टीच्या मेलमध्ये तर हे हमखास असतं, ड्यू टू आय ॲम नॉट फीलिंग वेल.

उपाय सोपा आहे. मनात 'पडल्यामुळे, आल्यामुळे, नसल्यामुळे' असं 'ल्यामुळे' ऐकू आलं की थांबायचं. आत क्रियापद लपलंय. मग एक तर बिकॉज घ्या, बिकॉज आय ॲम नॉट फीलिंग वेल. नाहीतर क्रियापद काढून नाम ठेवा, ड्यू टू फीवर. दोन्हीतलं काहीही चालेल. दोन्हीची खिचडी चालणार नाही.

जाता जाता ड्यू टूबद्दल. जुन्या पठडीतले शिक्षक सांगतात की ड्यू टू फक्त 'इज' किंवा 'वॉज' यांच्यानंतरच यावं. द डिले वॉज ड्यू टू रेन, हे बरोबर. द मॅच वॉज कॅन्सल्ड ड्यू टू रेन, हे चूक, इथे ओइंग टू हवं. हा नियम त्यांनी मनाने काढलेला नाही. फाउलर नावाच्या इंग्रज कोशकाराने १९२६ साली इंग्रजी वापरावर एक प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यात त्याने ड्यू टूच्या या दुसऱ्या वापरावर चांगलीच टीका केली होती. पण भाषा पुढे गेली. आज वर्तमानपत्रांत, रेल्वेच्या घोषणांत, ऑफिसच्या मेलमध्ये दुसरा वापर सर्रास चालतो. परीक्षेत कुणी अगदी खोचक प्रश्न विचारला तर जुना नियम आठवा. एरवी झोप उडवून घेऊ नका.

म्हणून हा एकटा तीन कामं करतो

आपला 'म्हणून' म्हणजे हरहुन्नरी माणूस. 'पाऊस पडला म्हणून मॅच रद्द झाली.' इथे तो कारण आणि परिणाम जोडतो. 'रांग नको म्हणून ऑनलाइन तिकीट काढलं.' इथे हेतू सांगतो. 'पाटील म्हणून एक मित्र आहे.' इथे नुसती ओळख करून देतो.

पहिल्या कामासाठी इंग्रजीत सो. इट रेन्ड, सो द मॅच वॉज कॅन्सल्ड. दुसऱ्यासाठी सो दॅट, किंवा नुसतं टू. आय बुक्ड ऑनलाइन सो दॅट आय वुडन्ट हॅव टू स्टँड इन अ क्यू. किंवा सरळ, आय बुक्ड ऑनलाइन टू अव्हॉइड द क्यू. फरक लक्षात ठेवायचा तो असा. सोच्या मागची गोष्ट आधीच घडून गेली आहे. सो दॅटच्या पुढची गोष्ट आपल्याला घडवायची आहे. एक मागे बघतो, दुसरा पुढे.

'साठी' आणि 'मुळे' यांतही हेच आहे. 'मी पैशासाठी नोकरी बदलली', पुढे पैसे मिळावेत हा हेतू. 'मी त्या त्रासामुळे नोकरी बदलली', मागे काहीतरी घडलं होतं. आय चेंज्ड जॉब्ज फॉर बेटर पे, आणि आय चेंज्ड जॉब्ज बिकॉज ऑफ द लाँग कम्यूट. इंटरव्ह्यूमध्ये नोकरी बदलायचं कारण विचारलं तर शक्यतो पुढे बघणारं वाक्य आधी सांगा. टू वर्क ऑन लार्जर सिस्टिम्स. ऐकणाऱ्याला गाऱ्हाणं ऐकतोय असं वाटत नाही.

आता जोडीचा घोळ. मराठीला जोड्यांची सवय आहे. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी. एक टोक उचललं की दुसरं आपोआप येतं. तीच सवय इंग्रजीत घेऊन आपण म्हणतो, ॲज आय वॉज सिक, सो आय कुड नॉट कम. दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट. इंग्रजीला एकच टोक पुरतं. ॲज घेतला तर सो सोडा. सो घेतला तर ॲज सोडा. दोन वाक्यांना एकच सांधा, हे मनात ठेवा.

आणि देअरफोर? त्याचा अर्थ सोसारखाच असला तरी तो वाक्यं सांधत नाही. दोन वाक्यांत नुसता स्वल्पविराम टाकून मध्ये देअरफोर बसवता येत नाही. आधी पूर्णविराम द्या, मग नव्या वाक्याची सुरुवात देअरफोरने करा. बोलताना तर सोच बरा. मित्राला चहाला बोलावताना देअरफोर म्हणालात, तर तो चहा पिता पिता हसेल.

बिकॉज, सिन्स, ॲज: बातमी कुठे आहे?

हे तिन्ही 'कारण' म्हणून शिकवले जातात आणि एकमेकांच्या जागी टाकले जातात. पण यांत एक बारीक फरक आहे.

समोरच्याला कारण नवीन असेल, तीच खरी बातमी असेल, तर बिकॉज, आणि ते बहुतेकदा वाक्याच्या शेवटी. आय मूव्हड टू पुणे बिकॉज माय फादर वॉज ट्रान्सफर्ड. कारण दोघांनाही आधीच माहीत असेल आणि पुढचा मुद्दा महत्त्वाचा असेल, तर सिन्स किंवा ॲज, आणि ते बहुतेकदा वाक्याच्या सुरुवातीला. सिन्स वी आर ऑल हिअर, लेट्स स्टार्ट. मराठीत आपण म्हणतो ना, 'आता सगळे आलोच आहोत, तर सुरू करू या.' त्या 'आलोच आहोत, तर'मध्ये जो भाव आहे, तो सिन्समध्ये आहे.

म्हणूनच कुणी 'व्हाय?' असं विचारलं, तर उत्तर सिन्सने सुरू होत नाही, बिकॉजनेच होतं. विचारणाऱ्याला कारण माहीत असतं तर त्याने विचारलं कशाला असतं?

सिन्स आणि ॲज यांची दुसरी गोची म्हणजे त्यांना वेळेचाही अर्थ आहे. ॲज द सर्व्हर रीस्टार्टेड, वी लॉस्ट द डेटा. सर्व्हर रीस्टार्ट होत असताना डेटा गेला, की रीस्टार्ट झाल्यामुळे गेला? सांगता येत नाही. जिथे असा संशय येऊ शकतो तिथे बिकॉज घ्या. शब्द साधा आहे, पण त्याला दुसरा अर्थ नाही. तसा तो जन्मापासूनच कारणाचा. मध्ययुगीन इंग्रजीतल्या बाय कॉज या दोन शब्दांचा जोड होऊन तो झाला. म्हणजे अक्षरशः 'कारणाने'.

शाळेत एक नियम शिकवतात, की वाक्य कधी बिकॉजने सुरू करू नये. तो अर्धाच खरा आहे. बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड, वी टूक द हायवे. हे वाक्य उत्तम आहे, कारण त्याला पुढचा अर्धा भाग आहे. मेलमध्ये नुसतं बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड लिहून पूर्णविराम दिला, तर ते लटकतं. बोलताना मात्र तेही चालतं.

रीझन फॉर, कॉज ऑफ

मराठीत 'सुट्टीचं कारण' आणि 'अपघाताचं कारण'. दोन्हीकडे 'चं'. म्हणून आपण दोन्हीकडे ऑफ लावतो आणि अर्जावर रीझन ऑफ लीव्ह लिहितो. इंग्रजीत रीझन फॉर लीव्ह, पण कॉज ऑफ द ॲक्सिडेंट. रीझनला फॉर, कॉजला ऑफ.

अर्थातही फरक आहे. कॉज म्हणजे जे घडवून आणतं ते. पावसाने दरड कोसळली, तर पाऊस हा कॉज. रीझन म्हणजे माणूस जे स्पष्टीकरण देतो किंवा ज्या विचाराने वागतो ते. दरडीला रीझन देता येत नाही, तिला कुणी विचारलेलंच नसतं. तुम्ही सुट्टी घेता त्याला मात्र रीझन असतं.

'कारण असं की' हे इंग्रजीत जसंच्या तसं जातं. द रीझन इज दॅट. इथे 'की'च्या जागी दॅट. द रीझन इज बिकॉज असं इंग्रजी मातृभाषेचे लोकही बोलतात, पण लेखी कामात अनेकांना ते खटकतं, कारण त्यात कारण दोनदा येतं.

आणि आपला 'का तर'! 'मला उशीर झाला, का तर बस आली नाही.' मराठीत कानाला गोड लागतं. त्याचं इंग्रजी होतं आय वॉज लेट, व्हाय बिकॉज द बस डिड नॉट कम. आपल्या देशात हे इतकं बोललं जातं की आपल्याला खटकतही नाही. परदेशातल्या क्लायंटला मात्र वाटतं की तुम्ही प्रश्न विचारताय, आणि तो उत्तर द्यायला तोंड उघडतो. व्हाय सोडा, बिकॉज ठेवा.

कारण की पुरावा?

आता जरा वेगळी गंमत. हे वाक्य बघा. 'तो घरी असणार, कारण लाइट चालू आहे.' लाइट चालू आहे म्हणून तो घरी आला का? नाही. उलट, तो घरी आहे म्हणून लाइट चालू आहे. मग 'कारण' का म्हटलं? कारण लाइट हे त्याच्या घरी असण्याचं कारण नाही, आपल्या अंदाजाचं कारण आहे. पुरावा आहे.

इंग्रजीतही बिकॉज ही दोन्ही कामं करतो. भाषाशास्त्रज्ञ ईव्ह स्वीट्सर यांनी १९९०च्या त्यांच्या पुस्तकात हे फरक नीट उलगडून दाखवले. त्या तिसराही प्रकार सांगतात, तो म्हणजे आपण आत्ता का बोलतोय याचं कारण. 'संध्याकाळी काय करतोयस? कारण माझ्याकडे एक तिकीट जास्त आहे.' तिकीट हे कशाचंच कारण नाही, फक्त प्रश्न विचारण्याचं आहे.

मग ओळखायचं कसं? मराठीतच चाचणी आहे. 'कारण' काढून 'मुळे' लावून बघा. 'बस बंद पडल्यामुळे उशीर झाला', चाललं. म्हणजे खरं कारण. 'लाइट चालू असल्यामुळे तो घरी आहे', नाही चाललं. म्हणजे पुरावा. जे वाक्य मुळेत उतरत नाही, ते बिकॉज ऑफमध्ये किंवा ड्यू टूमध्येही उतरवायचं नाही. तिथे द लाइट इज ऑन, सो ही मस्ट बी होम म्हणा. तो मस्ट सांगतो की हा अंदाज आहे.

हा फरक माझ्या कामात रोज लागतो. 'सर्व्हर पडलाय, कारण डॅशबोर्ड लाल आहे.' डॅशबोर्डने सर्व्हर पाडला नाही. पण घाईच्या कॉलवर कुणीतरी पुराव्यालाच कारण समजतो आणि तासभर डॅशबोर्ड दुरुस्त करत बसतो. डॉक्टरकडे गेलात तरी तेच. ताप हे आजाराचं कारण नाही, आजार आहे याचा पुरावा आहे.

नाही आणि बिकॉज एकत्र आले की सावध

आय डिडन्ट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.

याचे अर्थ दोन. एक, पगार चांगला होता म्हणून मी नोकरी सोडली नाही, अजून तिथेच आहे. दोन, नोकरी सोडली, पण पगारामुळे नव्हे, दुसऱ्या कशामुळे तरी. मराठीतही 'पगारामुळे मी नोकरी सोडली नाही' म्हटलं की हाच गोंधळ आहे. बोलताना आवाजाचा जोर अर्थ सांगतो. मेलला आवाज नसतो.

म्हणून लिहिताना वाक्य फोडा. आय स्टेड बिकॉज द सॅलरी वॉज गुड. किंवा, आय लेफ्ट, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी. नाही हा शब्द ज्या गोष्टीला लागू आहे, तिच्या शेजारी नेऊन ठेवायचा. एचआरच्या फॉर्मवर नोकरी सोडायचं कारण लिहिताना हे विसरू नका. तो कागद तुमच्यानंतरही तिथे राहतो.

बिकॉज ऑफच्या पुढे माणूस

आता मला आज मुख्यतः जे सांगायचं होतं ते.

मी ज्या एका टीममध्ये होतो तिथे एका रात्री साइट बंद पडली. सकाळी रिपोर्टचा पहिला मसुदा फिरला. त्यात वाक्य होतं, द साइट वेंट डाउन बिकॉज ऑफ द न्यू जॉइनी. व्याकरण अगदी बरोबर. बिकॉज ऑफ, पुढे नाम. तो मुलगा महिनाभरापूर्वी लागलेला, प्रोबेशनवर. त्याने दिलेल्या कागदातल्या पायऱ्या बघून एक स्क्रिप्ट चालवली होती.

टीममधल्या एका सीनियर ताईंनी एकच प्रश्न विचारला. 'त्याच्या जागी आपल्यातलं कुणी असतं, तर साइट वाचली असती का?' सगळे गप्प. मग त्यांनी ते वाक्य खोडून बिकॉज ऑफच्या जागी नुसतं बिकॉज ठेवलं, आणि म्हणाल्या, 'आता पुढचं पूर्ण करा.' आता पुढे क्रियापद लागणार. म्हणजे नेमकं काय घडलं ते लिहावंच लागणार. वाक्य झालं, द साइट वेंट डाउन बिकॉज अ क्लीनअप स्क्रिप्ट वॉज रन ऑन प्रॉडक्शन. द स्क्रिप्ट डिड नॉट आस्क फॉर कन्फर्मेशन.

दुसऱ्या वाक्यातून काम निघालं. स्क्रिप्टमध्ये 'नक्की का?' विचारणारी पायरी घातली गेली. पहिल्या वाक्यातून फक्त एका मुलाची नोकरी निघाली असती आणि स्क्रिप्ट तशीच राहिली असती, पुढच्या मुलाची वाट बघत.

बिकॉज ऑफची ही ताकद आहे आणि हाच धोका आहे. त्याला नुसतं नाम पुरतं, त्यामुळे क्रियापद गिळून टाकता येतं. घरी आपण 'तुझ्यामुळे झालं!' म्हणतो ना, तसंच. काय झालं, कसं झालं, काही सांगायची गरज उरत नाही. म्हणून मुळेच्या आधी माणसाचं नाव येतंय असं दिसलं, की ते वाक्य कारणने पुन्हा लिहून बघा. खरंच त्या माणसाने काही केलं असेल तर ते क्रियापदात दिसेलच.

जगातल्या मोठ्या अपघातांचे रिपोर्ट असेच लिहिले जातात. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत हवेत फुटलं. चौकशी समितीचे अध्यक्ष होते फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओन्स. कारणांची साखळी अशी निघाली. दिशादर्शक यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ रॉकेटवरून घेतलेलं होतं. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायची होती. तिथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे आकडा मोठा झाला, मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर, तीही तशीच बंद पडली. मुख्य संगणकाने चुकीची माहिती खरी धरून रॉकेट वळवलं, आणि ते हवेच्या दाबाने तुटलं. समितीने बोट ठेवलं ते सॉफ्टवेअरच्या आराखड्यातल्या आणि अपेक्षा ठरवण्यातल्या चुकांवर, आणि त्या न पकडणाऱ्या चाचण्यांवर.

अशी साखळी सांगायला बिकॉज पुरत नाही, क्रियापदं लागतात. त्यांना दिशा असते. लीड टू, रिझल्ट इन, कॉज, ही कारणाकडून परिणामाकडे जातात. रिझल्ट फ्रॉम, स्टेम फ्रॉम, ही परिणामाकडून कारणाकडे येतात. द लार्ज व्हॅल्यू रिझल्टेड इन ॲन एरर. द एरर रिझल्टेड फ्रॉम द लार्ज व्हॅल्यू. इन आणि फ्रॉमची अदलाबदल झाली की कार्य आणि कारण यांची अदलाबदल होते. कॉन्ट्रिब्यूट टू म्हणजे 'हातभार लावला'. एकाच गोष्टीवर सगळं खापर फोडायचं नसेल तेव्हा हा शब्द फार कामाचा.

आणि ज्याला ऑफिसात रूट कॉज म्हणतात त्याला आपल्याकडे आधीपासून मूळ कारण म्हणतात. आपल्या 'मुळे'तही तेच मूळ बसलंय. झाडाच्या पानाला दोष देण्याआधी मुळापर्यंत जायची सूचना शब्दातच आहे.

दोन-तीन किरकोळ, पण रोजच्या गोष्टी

थँक्स टू म्हणजे 'च्या कृपेने'. चांगल्या अर्थानेही चालतं, टोमणा म्हणूनही. थँक्स टू माय टीचर, आय पास्ड. थँक्स टू माय नेबर, आय डिडन्ट स्लीप. आपणही म्हणतो की, 'शेजाऱ्यांच्या कृपेने रात्रभर जागा!' मेलमध्ये टोमणा कळत नाही, तिथे जपून.

कुणाला थेट व्हाय विचारलं तर ते कधी कधी 'कशाला?'सारखं टोचतं. व्हाय डिड यू कम? म्हणजे 'कशाला आलास?' त्याऐवजी व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर? हे 'काय, आज इकडे कसे?'च्या जवळ जातं. मित्रांमध्ये हाउ कम चालतं, आणि त्यात शब्दक्रम उलटा करायचा नाही. हाउ कम यू आर लेट? आर यू नव्हे.

आणि इंटरनेटवर तुम्ही वाचता ते बिकॉज सायन्स, बिकॉज मंडे? बिकॉजच्या पुढे ऑफ नाही, वाक्य नाही, नुसतं नाम. आपण मघाशी केलेला पहिलाच नियम मोडला! अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ सालचा शब्द म्हणून याच नव्या बिकॉजची निवड केली होती. मीममध्ये, चॅटमध्ये खुशाल वापरा. सुट्टीच्या अर्जात बिकॉज मंडे लिहू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

फोनवर एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करा, एक मिनिटाची. तुमच्या आयुष्यातला एक निर्णय घ्या, कुठलाही. ही शाखा का निवडली, हे गाव का सोडलं, हा फोन का घेतला. आधी एक कारण बिकॉजने सांगा. मग तेच बिकॉज ऑफने. मग परिणाम सोने. शेवटी हेतू टूने किंवा सो दॅटने. चार वाक्यं, बस्स. मग ऐका आणि तपासा. बिकॉज ऑफच्या पुढे नाम आहे ना? एकाच वाक्यात ॲज आणि सो दोन्ही नाहीत ना? आणि कुठल्या माणसाच्या नावामागे क्रियापद लपलेलं नाही ना?

मोठे शब्द वापरायचा हट्ट नको. बिकॉज आणि सो हे दोन साधे शब्द नीट जागेवर बसले, तरी इंटरव्ह्यूमधल्या त्या 'का'नंतर शांतता पसरणार नाही. कारण तुम्हाला माहीतच असतं. ते आता समोरच्यापर्यंत पोचेल.

पुढच्या भागात अट सांगायच्या वाक्यांकडे वळू, म्हणजे आपलं जर-तर. तोपर्यंत ऐकत राहा, मोठ्याने बोलत राहा. भेटू!